तागडीच्या आधी पोचायचं

सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या दारात मी पोचलो, तेव्हा मोडवाल्याने घंगाळाच्या दोन्ही कड्या तोडून पोत्यात टाकल्या होत्या आणि हातोडीने घंगाळ चेपायला घेतलं होतं. चेपलं की टेम्पोत जागा कमी लागते, एवढाच त्याचा हिशोब. काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं होतं. त्यातलं ‘मामांकडून आहेर, शके १८४६’ एवढं अजून वाचता येत होतं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९२४च्या सुमाराचं कुणाचं तरी लग्न. दारात उभ्या असलेल्या आजी म्हणाल्या, “अहो, आधी नाही का यायचं? हा वजनावरच नेतोय. तुम्हाला तसंच दिलं असतं.”

मला वीस मिनिटं उशीर झाला होता. घरोघरी फिरून जुन्या वस्तू घेणाऱ्याचा खरा प्रतिस्पर्धी म्हणजे हा मोडवाला. त्याला घरं माहीत असतात, तो रोख देतो आणि जाताना माळा रिकामा करून जातो. त्याच्या तागडीच्या आधी कसं पोचायचं आणि पोचल्यावर कसं वागायचं, हे वीसएक वर्षांच्या फिरण्यात जेवढं उमगलं तेवढं सांगतो.

दुकानातून घेऊ नये असं नाही. मुंबईच्या चोर बाजारात, जोगेश्वरीला ओशिवऱ्यात, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात मी अजूनही जातो. भाव कळतात, नजर तयार होते. पण तिथे आलेल्या वस्तूचं गोत्र पुसलेलं असतं. ग्रामोफोनचा भोंगा मागच्या वर्षी घडवलेला आणि पेटी भलत्याच यंत्राची. लोलकाच्या घड्याळाची तबकडी एकाची, आतलं यंत्र दुसऱ्याचं. घरात मात्र बंब मोरीतच सापडतो आणि तो कोणी, कधी, कुठून आणला हे सांगणारं माणूस शेजारी उभं असतं.

आता घरं शोधायची कुठे? वस्तू घराबाहेर पडण्याच्या वेळा साधारण ठरलेल्या असतात. साठ-सत्तरच्या दशकांत स्टील आलं, कल्हईची कटकट नको म्हणून घराघरांतल्या बायकांनी तांब्यापितळेची भांडी मोडीत घातली, ती पहिली मोठी लाट. तिच्यातून जे वाचलं ते माळ्यावर गेलं, आणि आता वाडा किंवा बंगला पाडताना माळाच चाललाय. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आठ माणसांच्या अंघोळीचं घंगाळ कोण नेणार? पुनर्विकासाचा करार झाला की जागा रिकामी करायला थोडे महिने मिळतात, आणि त्यातले पहिले सगळे महिने लोक काहीच करत नाहीत. शेवटच्या पंधरवड्यात धांदल उडते आणि मग मोडवाल्याला फोन जातो. तुमचं पोचणं त्या पंधरवड्याच्या आधी हवं.

कोकणात वेळापत्रक वेगळं. तिथली घरं वर्षभर कुलपात. भाऊबंद एकत्र येतात ते मे महिन्यात आणि गणपतीला. गणपतीत कुणाला व्यवहाराची सवड नसते, आणि विषय काढू पण नये. मे महिन्याचा शेवटचा आठवडा बरा: आंबे उतरलेले असतात, कौलं चाळून झालेली असतात, आणि चार भाऊ एकाच पडवीत बसलेले असतात. हे चौघं एकत्र असणं किती महत्त्वाचं आहे ते पुढे सांगतो. कुलूपबंद घराचा राखणदार “मालकांनी विकायला सांगितलंय” म्हणून वस्तू दाखवायला लागला, तर चहा घ्यावा आणि निघावं.

खबर देणारी माणसं जोडावी लागतात. वाडे उतरवणारे ठेकेदार, जुन्या लाकडाचे वखारवाले, घरोघरी जाणारे सुतार, पूजा सांगणारे गुरुजी. अजून एखादा कल्हईवाला तुमच्या भागात फिरत असेल तर त्याचा नंबर आधी घ्या. बोहारणीला तर कुठल्या घरात काय आहे हे त्या घरच्या सुनेपेक्षा जास्त ठाऊक असतं. ज्याच्या खबरीवरून वस्तू मिळाली त्याला त्याच दिवशी, न मागता, काहीतरी द्यावं. निधनवार्ता वाचून पत्ता काढणारे आणि दिवसकार्य उरकायच्या आत दारात उभे राहणारे लोक या छंदात आहेत. त्यांना वस्तूही मिळतात. मला हे करवत नाही, आणि तुम्हीही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर किंवा गावच्या साप्ताहिकात निवेदन द्यायचं असेल तर ‘जुन्या वस्तू विकत घेतो’ असं लिहू नका. लोकांना वाटतं, भंगारवालाच आहे, आणि ते जुना फ्रीज दाखवतात. नावं घेऊन लिहा: पानदान, अडकित्ता, लामणदिवा, फडताळ, चौपट, शिसवी पेटी, लोलकाचं घड्याळ. आणि खाली एक ओळ: ‘मोडीत घालण्याआधी एकदा फोन करा.’ मला सर्वात जास्त फोन या ओळीने आले.

घरात गेलात की दिवाणखान्यात रेंगाळू नका. शोकेसमध्ये असतं ते बहुतेक विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, सहलीहून आणलेलं. कामाच्या वस्तू कोठीच्या खोलीत, मोरीच्या कट्ट्याखाली, परसात असतात. एका घरी हंड्यात कोरफड लावलेली होती. वरून मातीने भरलेला, पण काठाखालची नक्षी पावसाने धुऊन निघाली होती. मात्र स्वतःहून माळ्यावर चढू नका, कपाट उघडू नका. “अजून काही आहे का?” असं विचारण्यापेक्षा “तुमच्याकडे पूर्वी पाणी कशात तापवायचे?” असं विचारलं की आजी स्वतःच उठून दाखवायला लागतात. आणि पहिल्याच भेटीत “यातलं काय द्यायचं नाही?” हे विचारून ठेवा. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि मग बाकीच्या वस्तूंबद्दल ते मोकळेपणाने बोलतात.

पारख करायची ती थोडक्यात सांगून होणार नाही, पण पितळेपासून सुरुवात करा, कारण महाराष्ट्रातल्या घरांत तेच जास्त मिळतं. भांडं उजेडात धरून आतून बघा. हाताने घडवलेल्या भांड्यावर ठोक्यांच्या रांगा दिसतात. तांबट लोक त्याला मठारकाम म्हणतात. जुन्या मोठ्या भांड्यांचे दोन पत्रे एकमेकांत दात अडकवल्यासारखे जोडलेले असतात आणि तो दातेरी सांधा कल्हईखालूनही बोटाला लागतो. यंत्रावर दाबून काढलेल्या भांड्याला असा सांधा नसतो. झीज कुठे आहे ते पाहा: कळशी कमरेवर टेकते तिथे, ओगराळं भांड्याच्या काठाला घासतं तिथे, अडकित्त्याच्या पात्याला आणि जिथे अंगठा बसतो तिथे. सगळीकडे सारखी झीज आणि सारखाच काळपटपणा दिसला तर तो आम्लाने आणलेला समजा. कांसं आणि पितळ यांत गल्लत होते. कांसं म्हणजे तांबं आणि कथील; बोटाच्या टिचकीने त्याचा नाद लांबतो, आणि पडलं तर ते चेपण्याऐवजी तडकतं. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे तबक दाखवतात त्यात चांदीचा कणही नसतो. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. शंका असली तर पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळीत भांडं घेऊन जा. तिथला जुना कारागीर भांडं हातात घेऊन जे दोन मिनिटांत सांगतो ते मला अजून येत नाही.

नजर बसवायची असेल तर पुण्यात बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चारपाच चकरा मारा. दिनकर केळकर (१८९६–१९९०) कविता करायचे ते ‘अज्ञातवासी’ या नावाने. आयुष्यभर त्यांनी अडकित्ते, दिवे, दौती, दरवाजे गोळा केले, लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि १९७५ मध्ये तो राज्य सरकारच्या हवाली केला. तिथली अडकित्त्यांची कपाटं पाहून आल्यावर बाजारातला नवा ‘जुना’ अडकित्ता लगेच ओळखू येतो. नक्षी बरोबर असते, पण सुपारी काही कातरली जात नाही.

लाकडाचं फडताळ किंवा पेटी पाहताना तोंडाकडून नव्हे, पाठीकडून बघा. मागच्या फळ्यांवर रंधा मारलेला नसतो, तिथे हातकरवतीच्या तिरक्या, कमीजास्त रेघा दिसतात. यंत्राच्या करवतीच्या रेघा शिस्तीत असतात. खण पूर्ण बाहेर काढा, उलटा करा. खाली पिठासारखी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, आणि अशी वस्तू घरात नेली तर तुमचं बाकीचं लाकूडही तिच्या तोंडी जाईल. पुण्यात नदीकाठच्या पेठांतल्या फर्निचरचे पाय जरूर तपासा. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा तिथे पाणी शिरलं होतं. नारायण पेठेतल्या एका कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात मला साठ वर्षांनी सुकलेला गाळ मिळाला. सागवान असल्याने कपाट टिकलं होतं. मालकांनी पाण्याची रेघ कुठवर होती ते हात लावून दाखवलं, तर ती त्यांच्या खांद्याच्याही वर.

आकड्यांवर आंधळा विश्वास ठेवू नका. मंगळुरी कौलावर १८६५ असं दिसलं की लोक हरखतात. ते बाझेल मिशनचा कारखाना सुरू झाल्याचं वर्ष, कौल भाजल्याचं नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि पाठीवर रामदरबार असलेलं १८१८चं नाणं तर दर चौथ्या घरी निघतं. कंपनीने असलं नाणं कधी पाडलंच नाही. मालकांना हे सांगताना मात्र हळूच सांगा, कारण ते नाणं देवघरात पूजेला असतं. आणि कुणी कुजबुजत्या आवाजात “आमच्याकडे तांदूळ ओढणारं भांडं आहे” म्हणालं, तर तो ‘राइस पुलर’चा जुना फसवणुकीचा धंदा आहे. पायात चपला घालायच्या आणि निघायचं.

भावाचं बोलायला लोक बिचकतात, खरेदी करणारे आणि विकणारे दोघंही. माझी पद्धत अशी. त्या दिवसाचा मोडीचा भाव आणि वजन, यांचा गुणाकार हा तळ. तो मी स्वतःच सांगतो, कारण मोडवाला येऊन गेलेला असतो आणि तो आकडा घरच्यांच्या डोक्यात असतोच. मग म्हणतो, “हे मोडीचे. पण हे मोडायचं नाही, म्हणून मी याचे इतके देईन.” बाजारात वस्तू किती रुपयांना जाईल, दुरुस्तीला, वाहतुकीला किती लागतील, हे उघडपणे मांडलं की घासाघीस थोडीच उरते. “तुम्हीच सांगा किती द्यायचे” हा खेळ वृद्ध माणसांशी खेळू नये. ते एक तर लाजून फार कमी सांगतात, नाहीतर टीव्हीवर बघितलेला लाखाचा आकडा सांगतात.

आणि खरंच मोलाची वस्तू निघाली तर? रत्नागिरीजवळ एका घरी कॅलेंडरच्या मागे रवि वर्मा प्रेसचं लक्ष्मीचं चित्र होतं, साडीवर खरी जर चिकटवलेलं. “घेऊन जा, काच फुटलीय,” मालक म्हणाले. हा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. त्याची चित्रं घराघरांत पोचली, आणि आता तेवढ्याच नकलाही. मी भिंग लावलं. हल्लीच्या छपाईत ठिपके सारख्या रांगांत बसलेले दिसतात. इथे ते वेडेवाकडे, दगडावर हाताने टिपलेले होते. चित्र अस्सल होतं. मी ते मालकांना सांगितलं. त्यांनी चित्र उतरवून सदऱ्याच्या बाहीने पुसलं आणि विकायचं नाही असं ठरवलं. मी हात हलवत परत आलो. दोन महिन्यांनी त्यांच्या सासुरवाडीहून फोन आला: तांब्याचा बंब आहे, जावयांनी तुमचंच नाव सांगितलं.

माझी चूक पण सांगतो. एका आजींकडून मी पानदान घेतलं. त्या एकट्या होत्या, खुशीने दिलं, पैसेही चांगले दिले होते. रात्री साडेदहाला त्यांच्या मुलाचा फोन, आवाज चढलेला. पानदान त्याच्या आत्याने मागून ठेवलेलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते परत नेऊन दिलं आणि माझे पैसे घेतले. आजी पडद्याआडून बाहेरच आल्या नाहीत, याचं जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून वस्तू वडिलोपार्जित असेल तर मी विचारतोच, “अजून कोणाकोणाचा यावर हक्क आहे?” सगळ्यांशी निदान फोनवर बोलणं होईपर्यंत पैसे देत नाही. एकटं, वयस्कर माणूस असेल तर मधे एक रात्र जाऊ देतो. मे महिन्यातले ते चार भाऊ एकत्र हवेत ते यासाठी.

पावती साध्या कागदावर चालते. वस्तूचं वर्णन, वजन, फोटो, घराण्यात ती कशी आली याच्या दोन ओळी, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. पैसे शक्यतो बँकेतून द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख एका दिवसात एकाकडून घेणं आयकर कायद्याने तसंही चालत नाही.

कायद्याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची. पुरावशेष व बहुमूल्य कलाकृती अधिनियम १९७२ चा. तो लागू झाला १९७६ मध्ये. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं, कोरीव वस्तू त्यात येतात. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षं. शिल्पं, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी लागते, आणि वस्तूचा मालक बदलला की नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. तेव्हा मालकांकडे नोंदणीचा कागद आहे का, हे आधी विचारा. विकण्याचा धंदा करायचा तर परवाना हवा. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, म्हणून अमेरिकेतल्या भाचीने “मावशी, एक जुनी मूर्ती सुटकेसमध्ये घालून आण” म्हटलं तर सरळ नाही म्हणा. जी वस्तू पुरावशेष नाही तिच्यासाठी पुरातत्त्व खात्याकडून तसं प्रमाणपत्र घेता येतं. ते घेऊनच न्या.

काही गोष्टींना हातच लावू नका. ‘शेत नांगरताना सापडलेली’ मूर्ती किंवा नाण्यांचं गाडगं: जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हा कायदा १८७८ चा आहे. वीरगळ, देवळातले दगड. हस्तिदंती फण्या, सोंगट्या, वाघाचं कातडं: वन्यजीव कायद्याने यांची खरेदी-विक्री बंद आहे, मग ती पणजोबांच्या काळातली का असेनात. तलवारी आणि ठासणीच्या बंदुका शस्त्र कायद्याची चौकशी केल्याशिवाय नकोत. देवघरातले टाक मी घेत नाही. हा काही कायदा नाही, पण कुळाचे देव विकणाऱ्याला पुढे कधी ना कधी रुखरुख लागते आणि तो फोन मला नको असतो.

वस्तू नेताना गोधड्या आणि सुतळी बरोबर ठेवा, आणि घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी घासायला बसू नका. चिंच, लिंबू, पितांबरी, सगळं राहू दे. आधी कोरड्या कापडाने पुसा, फोटो काढा, नाव घातलेलं असेल तर त्यावर कागद ठेवून पेन्सिल फिरवा आणि ठसा उतरवून घ्या. ती अक्षरं एका जोरदार घासण्यात जातात. लाकडाला लाखेचं जुनं पॉलिश असेल तर ते खरवडू नका. नवा मुलामा चढवलेल्या वस्तूला बाजारात कमीच भाव मिळतो.

महिन्याभराने, वस्तू जागेवर लागली की तिचा फोटो मूळ घरी पाठवा. गेल्या वर्षी वाईहून एक फडताळ आणलं. वाडा पडला, काकू मुलाकडे राहायला गेल्या. फडताळ आमच्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर मी त्यांना फोटो पाठवला. दोन दिवस काहीच उत्तर नाही. मला वाटलं, पाठवायला नको होता. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: “छान दिसतंय. डावीकडचा खण ओढताना जरा वर उचलून ओढा, नाहीतर अडतो.”